रुमालाखालचा हात

खांद्यावरचा लाल काठाचा रुमाल काढायचा, दोन्ही हातांनी एकदाच फटकारायचा, की चाबकासारखा आवाज यायचा. मग तो समोरच्याच्या हातावर आणि आपल्या हातावर पसरायचा, चारी बाजूंनी नीट ओढायचा आणि म्हणायचं, "झाकलं न्हवं? मंग बोल."

आमच्या जनावरांच्या बाजारात तात्यांची दलाली अशी सुरू व्हायची. ज्यांनी असा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडानं होत नाही, बोटांनी होतो. दलाल रुमालाखाली आधी विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, असा हिशेब. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण सौदा कितीला झाला हे त्या तिघांशिवाय कुणाला कळत नाही. आणि त्या तिघांनी ते सांगायचं नसतं.

पहिल्याच दिवशी मी तात्यांना विचारलं होतं, "तात्या, येवढं कावून लपवायचं?"

"आरं, शेजाऱ्याचा भाव कळला की माणसाला आपला बैल म्हातारा दिसाय लागतो," ते म्हणाले.

मी हसलो होतो. मला ते खरं वाटायला वीस वर्षं लागली.

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. चहाच्या टपरीवरसुद्धा घासाघीस करतो. आज युसूफ वडगावात माझं सरकी-पेंडीचं दुकान आहे, मागं जनावरांचं शेड आहे, आणि त्यातला एक पत्रा कुणाच्या मेहेरबानीनं आलेला नाही. पण मी बाजारात आलो तो हरून आलो होतो. मी आणि माझा चुलतभाऊ तीन वेळा पोलीस भरतीला पळालो. तिन्ही वेळा नापास. आमच्याबरोबर पहाटे फुफाट्यात पळणारी चार पोरं खाकी घालून गावात आली, त्यांच्या आयांनी पेढे वाटले, आणि आम्ही दोघं एका मोटारसायकलवर बसून बैलांच्या बाजाराला गेलो. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

तात्या तेव्हा साठीला टेकलेले. धारूरच्या घाटाखाली त्यांची वस्ती. उंच, वाळलेला देह, आवाज मात्र असा की बाजाराच्या या टोकाला खाकरले तर त्या टोकाची म्हैस कान टवकारायची. त्यांनी आम्हा दोघांना ठेवून घेतलं. बैलाचे दात कसे बघायचे, खांदा दाबून त्याला जू लागलंय का हे कसं ओळखायचं, आणि मुख्य म्हणजे रुमालाखाली गप्प कसं बसायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. शेवटचं मला कधी आलं नाही.

माझं लक्ष सारखं दुसरीकडं असायचं. अमक्याला नोकरी लागली, तमक्यानं प्लॉट घेतला, हा आमच्याच वर्गातला होता, तो माझ्यापेक्षा हळू पळायचा. मोबाईल आला तसं हे आणखी वाढलं. खाकीतला एखादा फोटो दिसला की माझा दिवस खलास. तात्या एकदा माझ्या खांद्यावरून डोकावले.

"कोन हाय ह्यो?"

"आमच्यासंगट भरतीला व्हता. आता बीडला असतो. गाडी घेतली."

"त्येच्या बैलाला तू चारा घालायलास का?"

"न्हाई."

"मंग त्येचं शेण कावून मोजायलास?"

हे त्यांचं ठरलेलं बोलणं होतं. चाऱ्याचा प्रश्न सगळ्यांना, शेणाचा फक्त माझ्यासारख्यांना. एकदा लिंबागणेशकडचे एक गुरुजी सौदा चालू असताना वाकून वाकून रुमालाखाली बघत होते. तात्यांनी शांतपणे रुमाल उचलला आणि गुरुजींच्या टोपीवरून तोंडापर्यंत पांघरला. "घ्या गुर्जी. आता दिसतंय का?" गुरुजीसुद्धा रुमालाच्या आतून हसले.

तात्यांचे आणखी दोन शब्द होते. "म्हाईत न्हाई." आपण हे शब्द खाली मान घालून म्हणतो. ते असे म्हणायचे, जसं कुणी दारात आलेल्या पाहुण्याला "या, बसा" म्हणतं. पाऊस येईल का तात्या? म्हाईत न्हाई. गिऱ्हाईक परत फिरंल का? म्हाईत न्हाई. आणि मग तंबाखू मळायला घ्यायची. मला त्याचा राग यायचा. दलालाला माहीत नाही तर मग कुणाला माहीत असणार?

तीन वर्षांनी माझा चुलतभाऊ वेगळा झाला. जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यात गेला. जाताना मी जोडलेली गिऱ्हाइकंही घेऊन गेला, आणि मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, तेही एका चहावाल्याकडून. मला एका शब्दानं विचारलं नाही. ही गोष्ट मी विसरलेलो नाही. विसरणार नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाटत असेल की शेवटी आम्ही गळ्यात गळा घालून रडलो, तर तसं काही झालेलं नाही.

मग लंपी आली. जनावरांच्या अंगावर गाठी उठायच्या, ताप यायचा, पाय सुजायचे, आणि डोळ्यांदेखत जनावर बसायचं. बाजार बंद झाले. किती दिवस, ते कुणीच सांगेना. माझ्या दावणीची तीन जनावरं गेली. त्याच दिवसांत चुलतभावाच्या नव्या घराचा स्लॅब पडत होता. बैलाचा भरवसा उरला नाही म्हणून लोक ट्रॅक्टरकडं वळले होते. त्याचं घर माझ्या वाटेवर नाही. तरी मी रोज वाट वाकडी करून तिकडून जायचो आणि किती मजले चढले ते बघायचो.

एका मंगळवारी बाजारतळावरून जाताना मला लिंबाखाली कुणीतरी बसलेलं दिसलं. तात्या होते. एवढ्या मोठ्या मोकळ्या तळावर एकटे. शेजारी खराटा. लिंबाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली.

"तात्या, बाजार बंद हाय न्हवं?"

"बाजार बंद हाय. मंगळवार थोडाच बंद हाय?"

मी गाडीवरून उतरलो. त्यांच्याही घरची जोडी फुटली होती, एक बैल लंपीत गेला होता, हे मला माहीत होतं. ते घाटाखालून पहाटेची एसटी धरून येत होते, दुपारपर्यंत तिथं बसत होते आणि परत जात होते. दर मंगळवारी.

"कवा चालू व्हईल?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"दुसरा बैल कवा आननार?"

"म्हाईत न्हाई."

माझं डोकं सटकलं. "तात्या, तुमाला काई वाटतं का न्हाई? हिथं आमी मरायलोत, आन् तिकडं त्यो स्लॅबवर स्लॅब टाकायला. त्येच्यासंगट मी आलतो बाजारात. एका गाडीवर आलतो!"

त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "वाटतंय की. बैल गेला तवा तीन दिस जेवलो न्हाई मी. पर त्यो माजा बैल गेला, गड्या. तुज्या भावाच्या स्लॅबखाली सापडून न्हाई गेला." पुन्हा तंबाखू मळत म्हणाले, "वाईट दिस हायत. हायत तर हायत. त्येंला बसू दे हिथं, मी बी बसतो. दुसऱ्याच्या दारात कशाला हाकलतूस?"

त्यांनी माझ्यासाठी रुमालानं जागा झटकली. मी बसलो नाही. "तुमी बसा झाडत," असं म्हणून गाडीला किक मारली. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं जाणं बंद केलं. त्यांना माझ्या भावाचीच बाजू घ्यायची आहे, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पुढं बाजार सुरू झाले. मी जात होतो, पण तात्यांच्या रुमालाखाली हात घालत नव्हतो. बैलाचे फोटो मोबाईलवर टाकायचे आणि फोनवरच भाव करायचा, अशी माझी नवी रीत होती. तात्या लिंबाखाली दिसायचे. मी लांबून जायचो. त्यांचा फटकारा पूर्वीसारखा वाजत नाही हे मला ऐकू आलं होतं. म्हातारा थकला, एवढंच मनात आलं.

एक लालकंधारी जोडी होती. रंग पक्क्या विटेसारखा, शिंगं एका मापाची. त्या शेतकऱ्याच्या घरी मी दोनदा जाऊन आलो होतो आणि दोन्ही वेळा त्यानं मला परत लावलं होतं. त्या मंगळवारी बघतो तर तीच जोडी लिंबाखाली उभी, शेतकरी कडेला, आणि तात्यांच्या रुमालाखाली माझ्या चुलतभावाचा हात. ट्रॅक्टरवाल्याला बैल कशाला? सासऱ्यासाठी घेत होता, हे नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की माझी जोडी, माझे तात्या आणि रुमालाखाली हा.

मी गर्दीत घुसलो. "काय भाव चाललाय?"

असं विचारायचं नसतं. चुलतभावानं माझ्याकडं बघून मान हलवली, जा म्हणून. तात्यांनी वर न बघता म्हटलं, "त्येच्या बैलाला तू चारा घालायलास का?"

लोक हसले. वीस वर्षं त्याच बोलण्यावर मी स्वतः हसत आलो होतो. त्या दिवशी ते हसू माझ्या डोक्यात गेलं. मी पुढं झालो, रुमालाचं टोक धरलं आणि ओढला.

माझ्या उभ्या आयुष्यात कुणी कुणाचा रुमाल ओढल्याचं मी पाहिलेलं नाही. मारामाऱ्या पाहिल्यात, डोकी फुटलेली पाहिलीत. हे नाही.

खाली तात्यांचा उजवा हात होता. माझ्या भावाच्या दोन्ही तळव्यांमध्ये ठेवलेला. चारी बोटं आत वळलेली, नुकत्याच जन्मलेल्या करडाच्या पायासारखी मुडपलेली. त्यांत जीव नव्हता. तात्यांनी डाव्या हातानं तो हात पोटाशी ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण तो पटकन येईना.

दलालाचं सगळं बोलणं बोटांत. आणि त्या बोटांची वाचा गेलेली. सगळ्या बाजारानं बघितलं.

कुणी हसलं नाही. कुणी मला शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, मला भांडण चांगलं येतं. तात्या वाकले, डाव्या हातानं रुमाल उचलला, एका हातानं फटकारून बघितला. आवाज आला नाही. तो खांद्यावर टाकला आणि माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग असता तर मी सांगितलं असतं.

"दिसलं का गड्या?" त्यांनी विचारलं, आणि ते एसटीच्या फाट्याकडं चालू लागले.

चुलतभाऊ माझ्यासमोर उभा राहिला. "बाजार बंद व्हता तवाच अंगावरून वारं गेलं त्येंच्या. तू त्येंला टाकून गेलास त्येच्या म्हैन्याभरानं. बोटं गेली. अंगठा तेवढा ऱ्हायला. आमी रुमालाखाली आमच्या बोटांनी इचारायचो, पटलं की ते अंगठा दाबायचे. असे सौदे चाललेते. एरवी हात सदऱ्याच्या खिशात ठिवायचे."

"कुनाकुनाला म्हाईत व्हतं?"

"ज्येनं ज्येनं हात धरला त्येला. धरला की कळतंच की."

"आन् मला कावून सांगितलं न्हाई बे?"

"तू हात कवा घातलास?"

शंभरएक माणसांनी तो हात धरला असेल. त्यांत चहाडखोर होते, दारुडे होते, एकमेकांचे वैरी होते. एकानंही ते रुमालाबाहेर काढलं नाही.

पुढच्या मंगळवारी तात्या आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. माझा भाऊ त्यांना बोलवायला घाटाखाली गेला होता म्हणे. त्याला म्हणाले, "आता झाकला तरी उगडाच हाय. लोक बैल बघायच्या ऐवजी माजा हात बघतील."

मला जायला चार महिने लागले. दुकानाचा हंगाम आहे, गाडी नादुरुस्त आहे, आज ऊन फार आहे, असं रोज काहीतरी निघत होतं. शेवटी एका सकाळी पेंडीचं पोतं गाडीला बांधलं आणि निघालो. मोकळ्या हातानं जायची मला सवय नाही.

तात्या अंगणात बाजेवर बसले होते. समोर त्यांचा राहिलेला बैल. शेजारी दुसरा खुंटा रिकामा, पण त्याच्याभोवतीची जागाही झाडलेली. "ये," म्हणाले. सुनेला चहा सांगितला. बाजाराचं विचारलं. लिंबाखाली आता कोण बसतं, त्या लालकंधारी जोडीचं काय झालं. मी सांगत गेलो. पोत्याकडं त्यांनी एकदा बघितलं आणि बैलाला म्हणाले, "तुज्या नशिबाचं आलंय रं."

चहा संपला. मी तोंड उघडलं. "तात्या, त्या दिशी मी..."

"सून हाय, लेकरं हायत," ते मला अडवत म्हणाले. "उगड्यावर कावून बोलतूस?"

डाव्या हातानं त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. उजवा हात उचलून माझ्या हाताशेजारी ठेवला. रुमाल पसरला, दातात धरून एक टोक ओढलं, नीट केलं.

"झाकलं न्हवं? मंग बोल."

वीस वर्षं मी बोटांनी बोललो. एक, दोन, पंजा, अर्धा. त्या भाषेत भाव सगळे आहेत. 'चुकलो' याला बोट नाही. मी रुमालाखाली धुंडाळत राहिलो. त्यांची बोटं गार होती. शेवटी मी माझा अख्खा पंजा त्यांच्या हातात घातला आणि वरून त्यांची मूठ मिटवली. मग भावानं सांगितलेलं आठवून थांबलो. पटलं तर अंगठा दाबतील.

अंगठा हलला.

मी नुसता हात लावून बैलाचं वय सांगतो. गिऱ्हाइकाच्या बोटावरून त्याच्या मनात किती आहे ते ओळखतो. पण तो अंगठा दाबला की नुसता थरथरला, हे मला कळलं नाही. मी पुन्हा मूठ आवळली. त्यांनी रुमाल काढून घेतला होता.

"झालं," म्हणाले. "नीग आता, ऊन वाडायच्या आत."

काय झालं, हे विचारायचं धाडस झालं नाही. गाडीवर बसताना उगाच विचारलं, "तात्या, दुसरा बैल कवा आननार?"

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले. तसंच, पाहुण्याला बसा म्हटल्यासारखं.

त्या थंडीत ते गेले.

दहाव्याला मी गेलो. माणसं पुष्कळ होती, निम्मा बाजार होता. चुलतभाऊ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तात्यांनी बाजार सोडल्यापासून तो तिथं बरेचदा जाऊन आला होता, हे मला ठाऊक होतं. त्याचा उजवा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्या हाताला तात्यांचा अंगठा कितीतरी वेळा लागला असेल. खरा दाब कसा असतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, की तुला कसा दाबायचे रे? जोरात? किती वेळ? त्याचं ऐकलं असतं तर माझं ताडून बघता आलं असतं. एका प्रश्नाचं काम होतं.

मी विचारलं नाही. माझ्या वाट्याला जे आलं ते रुमालाखाली आलं होतं, आणि एक रुमाल मी आधीच ओढून बसलो होतो.

जेवणाच्या पंगती उठल्या. मी रिकाम्या खुंट्याजवळ जाऊन उभा राहिलो. माझा डावा अंगठा उजव्या मुठीत होता आणि मी तो दाबून बघत होतो, पुन्हा पुन्हा, कुठपर्यंत नुसती थरथर म्हणायची आणि कुठून पुढं दाबलं म्हणायचं.